यंत्राला सगळं लिहून द्यावं लागतं

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कॉफी मशीनपाशी दोन मिनिटं उभं राहिलं की एखादा हाती लागतो. घरी येऊन सांगितला की नवरा म्हणतो, "तुम्ही लोक काम कधी करता?"

आमचं ऑफिस आम्स्टरडॅमला, स्लोटरडाइक स्टेशनजवळ. मी, मंदार आणि वैभव असे तिघे मराठी, आणि आमचा डच मॅनेजर हेंक. पूर्वी आम्ही कोड लिहायचो. आता कोड एआय एजंट लिहितो आणि आम्ही त्याच्यासाठी प्लॅन लिहितो. काय करायचं, कुठल्या क्रमाने, कशाला हात लावायचा नाही आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं, हे सगळं त्यात असतं. एकदा प्लॅन दिला की एजंट आपला आपण कामाला लागतो. ऐकायला सोपं वाटतं.

वैभवला मात्र त्या उन्हाळ्यात काहीच सोपं नव्हतं. त्याचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. कायमचा करार, म्हणजे ज्यावर शेवटची तारीखच नसते तो, मिळाला तर प्रश्न मिटला. नाहीतर नोकरीवर परमिट अवलंबून आणि परमिटवर बायको-मुलीचं इथलं राहणं. हेंकने तोंडावर सांगून टाकलं होतं, "तुझा प्लॅन बघतो, मग ठरवतो." आम्ही हसतखिदळत होतो, पण माझा एक डोळा सारखा वैभवकडे असायचा.

*

मंदार कोथरूडचा. त्याच्या पहिल्या प्लॅनमध्ये तीन कामं नीट लिहिलेली होती आणि खाली अतिशय सभ्य इंग्रजीत एक ओळ होती: सवड मिळाल्यास जुन्या स्क्रीनच्या दुरुस्तीचाही विचार व्हावा.

संध्याकाळी एजंटचा रिपोर्ट आला. "तीन कामं पूर्ण. चौथ्याला सवड मिळाली नाही."

हेंकने विचारलं, "तुला ते चौथं हवं होतं का?"

"हवं होतंच."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

मंदार माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटला, "आता इतकंही कळू नये?"

"कोणाला? यंत्राला की हेंकला?"

"दोघांनाही," मंदार म्हणाला.

*

या अपमानाचा वचपा म्हणून मंदारचा दुसरा प्लॅन बावीस पानी झाला. कंपनीची पार्श्वभूमी, सिस्टिमचा इतिहास, आधीच्या टीमने केलेले घोळ, सगळं त्यात आलं. हेंकने तो शांतपणे चाळला.

"छान आहे. काम कुठे सुरू होतं?"

"पान अकरा."

"मग अकरापासून पाठव."

मंदार रुसला. जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसला. हेंकला यातलं काहीही कळलं नव्हतं. तो आपलं चीज लावलेलं पावाचं सँडविच घेऊन नेमका त्याच्याच शेजारी जाऊन बसला आणि मटकीच्या उसळीकडे बोट दाखवून म्हणाला, "याची पहिली दहा पानं पण सांग."

*

माझंही सांगते, नाहीतर मंदार म्हणेल स्वतःचं लपवते. मला दोन दिवस ट्रेनिंगला मास्ट्रिख्टला जायचं होतं. हाताला सवयच लागलेली, म्हणून घरासाठीही प्लॅन लिहून फ्रिजवर लावला. मुलीचा क्लास, सायकल दुरुस्ती, वाणसामान. खाली एजंटला लिहितो तो नियम: अंदाजाने काही करू नये; शंका आली की थांबावं आणि विचारावं.

ऐन ट्रेनिंगमध्ये नवऱ्याचे सात मिसकॉल. मी घाबरून बाहेर धावले.

"काय झालं?"

"सुपरमार्केटमध्ये आहे. तू लिहिलंयस दही. इथे सहा प्रकार आहेत."

"अरे, मग घे ना कुठलंही एक!"

"अंदाजाने करू नये असं लिहिलंयस," नवरा म्हणाला. "पाऊण तास थांबलोय."

मागून मुलगी इंग्रजीत सांगत होती की बाबाने तिला आइस्क्रीम मात्र न विचारता घेतलं.

*

आता वैभव. ब्रेडा शहरातल्या एका गोदामात माल कुठे ठेवायचा हे सांगणारा जुना प्रोग्रॅम फक्त त्यालाच कळतो. तो एजंटकडून फेब्रुवारीपर्यंत नव्याने लिहून घ्यायचा होता आणि त्याचा प्लॅन वैभवने करायचा होता.

मंदारने त्याला बाजूला घेतलं. "सगळं लिहू नकोस. दोन-चार गोष्टी खिशात ठेव. उद्या कामाला येतील."

वैभवने मान हलवली आणि सगळं लिहिलं. इतकं, की एके ठिकाणी मी वाचलं: "ही ओळ मी घाईत चुकीची लिहिली होती. ती नव्या प्रोग्रॅममध्ये घेऊ नये."

मंदारने डोक्याला हात लावला. "तू प्लॅन लिहितोयस की राजीनामा?"

"विचारलंय तर सांगायला नको का?" वैभव म्हणाला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त काळजी वाटली.

*

त्या प्लॅनची मीटिंग झाली तेव्हा आम्ही चौघं होतो. आमच्या प्लॅनच्या पहिल्याच पानावर दोन रकाने असतात: माहिती कोणाकडे आहे आणि ती व्यक्ती कधीपर्यंत उपलब्ध आहे. वैभवने प्रामाणिकपणे आपलं नाव घातलं होतं आणि पुढे सप्टेंबरअखेर. काम सुरू करण्याआधी हेंकने एजंटला प्लॅन तपासायला दिला होता. एजंटचं उत्तर त्याने मोठ्या स्क्रीनवर लावलं.

"प्लॅन स्पष्ट आहे. एक अडचण आहे. चौदा ठिकाणी वैभवकडून खात्री करून घ्यायची आहे. त्यातली नऊ कामं सप्टेंबरनंतरची आहेत. वैभव सप्टेंबरपर्यंतच उपलब्ध आहे. या तारखांनी काम पूर्ण होणार नाही."

वैभवचे कान लाल झाले. आपल्या प्लॅनमध्ये चूक निघाली, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलेलं.

"सॉरी. मी लगेच दुरुस्त करतो."

"कर," हेंक म्हणाला. "ती तारीख चुकलीये."

वैभवने लॅपटॉप पुढे ओढला. "कुठली घालू?"

"कुठलीच नको. सकाळी एचआरशी बोललोय मी. रिकामी ठेव."

मंदारने टेबलाखालून मला लाथ मारली. माझे डोळे भरून आले होते. वैभवने तारीख पुसली आणि सेव्हचं बटण दाबलं.

"पण हेंक," तो म्हणाला, "तो रकाना कंपल्सरी आहे."