वाळूतली हिरवळ

आर्नहेम या डच शहराजवळच्या वालुकामय माळावर आम्ही साठच्या दशकातलं एक लाकडी सुट्टीघर विकत घेतलं. आत नारिंगी फरशा आणि तपकिरी वॉलपेपर, बाहेर नुसती वाळू. तीन महिने दर शनिवार-रविवारी मी आणि बायको वॉलपेपर खरवडत होतो. एकाखाली दुसरा निघायचा, दुसऱ्याखाली तिसरा. "आत भिंत आहे ना रे नक्की?" तिनं एकदा काळजीनं विचारलं.

आतलं काम संपल्यावर मी हिरवळीच्या तयार गुंडाळ्या आणून अंगणात अंथरल्या. शेजारचे डच आजोबा कुंपणावरून म्हणाले, "इथे हे टिकायचं नाही." मला वाटलं, पाण्याबद्दल बोलताहेत.

पुढच्या शनिवारी, सांगलीहून आलेल्या बाबांना मी मोठ्या कौतुकानं हिरवळ दाखवायला नेलं. ती सगळी उलटीपालटी पडली होती आणि वाळूत खड्डेच खड्डे होते. बाबांनी उकिडवं बसून ठसे पाहिले.

"रानडुकरं. आपल्या भुईमुगात यायची, तीच."

"बाबा, हा युरोप आहे!"

"मग युरोपातली रानडुकरं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आजोबांनी डुकराचा हुबेहूब आवाज काढून दाखवला. बाबांनी त्याहून सरस काढला. एकमेकांची भाषा येत नसताना त्या दोघांच्या तासभर गप्पा रंगल्या, आणि मी मुकाट्यानं फाटकं गवत गोळा केलं.

आता अंगणात वाळूच आहे. ती आम्ही मुद्दाम तशी ठेवली आहे, असं बायको पाहुण्यांना सांगते.