डाव्याच्या आधाराने घेतलेले तीर्थ

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या पत्नीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. मी आष्ट्याचा, एका पतसंस्थेत हिशेब तपासणारा माणूस. प्रत्येक डॉक्टरला एकच विचारी, किती टक्के बरे होईल? कोणी आकडा देईना, आणि देवावरचा माझा विश्वास आटत चालला. घरातल्यांनी मात्र तिची सेवा मनापासून चालवली होती. हाताला धक्का लागू नये म्हणून तो लोकरीत गुंडाळून उशीवर ठेवायचा, घास आम्ही भरवायचा. डाव्या हाताने जेवायला ती तयार नव्हती. हात लाकडासारखा ताठत गेला, तसे तिचे बोलणेही आटले. "मला आता ठिवू नगा," एवढेच म्हणे.

एका गुरुवारी तिला सांगलीला, कृष्णाकाठच्या दत्ताच्या देवळात नेले. पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी पुढे केली. उजवा हात उचलेना. "डावा चालेल, मावशी," ते म्हणाले. तिने तोंड फिरवले. "डाव्या हातानं तीर्थ? नगं. देवानंच हात काढून घेतलाय, आता त्याचं तीर्थ कशाला?"

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी तिचा डावा हात धरून उजव्याखाली ठेवला. "डाव्यानं उजव्याला उचला, मावशी." दोन्ही हात थरथरत वर आले. निम्मे तीर्थ सांडले, उरलेले तिने ओठांना लावले.

त्या बाई फिजिओथेरपिस्ट निघाल्या. आम्ही जपून ठेवला म्हणूनच हात आखडला, हे त्यांनी न रागावता सांगितले. सांधे हलते ठेवले तर धरत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा केलेली हालचाल मेंदू नव्याने शिकू शकतो. मात्र ओढाताण करायची नाही. पहिला व्यायाम देवळातच झाला होता.

आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. "बाई, तुमी लय छळताय," ही कण्हत म्हणे.

"शिव्या द्या मावशी, पण हात उचलता उचलता द्या."

ही हसली. ते हसू मी विसरलोच होतो. तिथेही मी टक्के विचारलेच. बाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. उद्या या."

हात पुरता आला नाही. बोटे आजही नीट मिटत नाहीत, वेणी सून घालते. पण चमचा ती उजव्या हातात धरते. त्या गुरुवारी त्या बाई नेमक्या आमच्यामागे का उभ्या होत्या, याचा हिशेब मी मांडत नाही. देवळात ती अजूनही डाव्याच्या आधाराने उजवा तळहात पुढे करते आणि थोडे तीर्थ सांडतेच. सांडलेले मी आता मोजत नाही. उरलेले तिच्या ओठांपर्यंत पोचले की हात जोडतो.