निकाल न लागलेली मॅच

ऐंशीच्या दशकात नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी जात होत्या, तेव्हा मी बाहेरून येऊन करावे गावात विरोधाची पत्रकं वाटायचो. तिथल्या मिठागरावर राबणारा एक माणूस माझं पत्रक न वाचता खिशात घालायचा. मला संताप यायचा. मीठ ओढताना त्याच्या कमरेला ट्रान्झिस्टर, त्यावर टेस्टची कॉमेंट्री. बायको जेवण घेऊन यायची आणि ओरडायची, “त्या रेडिओशीच लगीन लावा!” तो नुसतं बोट वर करायचा. थांब, ओव्हर संपू दे.

संध्याकाळी गावच्या मैदानात फुटबॉलचा रेफ्री तोच.

“मैदान चाललंय तुमचं, आणि तुम्ही स्कोअर ऐकताय?” मी एकदा बोललोच.

“वरडून घसा बसंल तुजा,” तो शांतपणे म्हणाला.

मोजणीवाले मैदानात खुंट्या ठोकायला आले, त्या सकाळी त्याने काम सोडलं, गावच्या गड्यांच्या दोन टीम पाडल्या आणि मॅच लावली. मोजणीचे साहेब म्हणाले, “ठीक आहे, मॅच संपली की मोजू.”

मलाही त्याने आत ढकललं. “खेल तू. घोषना मंग दे.”

दुपार उलटली तरी शिट्टी वाजेना. साहेबांनी घड्याळ दाखवलं.

“बरोबरी हाय, सायेब. निकालाबिगर कशी सोडू?”

दिवस मावळला, तसे मोजणीवाले खुंट्या उचलून निघून गेले. पुढे ते पोलीस घेऊन आले आणि मैदान गेलंच. पण त्या तिन्हीसांजेला, ते निघायच्या जरा आधी, मोकळ्या गोलसमोर उभा असून मी बॉल मुद्दाम बाहेर मारला, तेव्हा त्याने माझ्या पाठीत धपका घातला.

“आता कसा आमचा झालास!”