कडुनिंबाची वाटी

आमचे हे निजामाच्या तहसिलीत कारकून होते, तेव्हा आम्ही बोथ गावी राहायचो. शेजारी भाजीमळेवाल्यांची सून होती. पुढच्या दाराने ती कधी आलीच नाही. दोन वर्षांचा पोरगा कडेवर घेऊन परसातून यायची, आणि काही विचारलं की आधी हसायची, मग बोलायची.

पोरगा अजून अंगावर पीत होता. तिच्या सासऱ्यांना दुसऱ्या नातवाची घाई, म्हणून दूध तोडायला सासू रोज कडुनिंबाचा पाला वाटून द्यायची. सून निमूट तो छातीला लावायची आणि लगेच आमच्या रांजणाशी येऊन धुऊन टाकायची.

"का गं धुतेस?" मी विचारलं.

ती हसली. "पोरगं पिऊन राह्यलं तवर पाळी येत नाई, बाई. बाळंतपणात मरता मरता वाचली मी. थोडं अंग भरून येऊ द्या."

एके सकाळी ती धूत असतानाच सासू परसात आली. बघितलं, आणि तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सून आली, पण रांजणाकडे वळली नाही. हिरवी वाटी माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "वास घ्या."

वाटीत कोथिंबीर होती.

"सासूबाईनंच वाटली. मामंजी ओसरीवर बसले होते. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'आजचा पाला लय कडू हाये, बरं का!'"