फळीवरच्या बिनलेबलाच्या बाटल्या

मला राग लवकर येतो आणि माझं अक्षर सुरेख आहे. ज्या माणसात या दोन्ही गोष्टी असतात, त्याच्याकडे निवेदनं लिहायचं काम आपोआप येतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या कॉलेजच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला. प्राचार्यांना द्यायचं निवेदन मीच लिहिलं. ‘विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळणाऱ्यांवर कडक कारवाई करावी’ असं वाक्य त्यात होतं. कारवाई या शब्दाखाली मी दोनदा रेघ ओढली होती. वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दिवसभर माझी कॉलर ताठ होती.

आज आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. पण त्या दिवसांची ओढ काही सुटत नाही. सकाळची एसटी, खिडकीतून दिसणारी उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, फाट्यावर उतरून कॉलेजपर्यंत आम्हा मुलींची चाललेली फौज. गेटच्या बाहेर कर्मचाऱ्यांनी हिरव्या जाळीचा मंडप टाकला होता. लायब्ररी बंद, ऑफिसला कुलूप, बोनाफाइड मिळेना. प्राध्यापक तेवढे आत येऊन शिकवत होते. पहिले दोन दिवस मजा वाटली. मग प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख जवळ आली आणि मजा संपली.

आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबचे खरे मालक होते काका. हुद्द्याने ते परिचर. सातवीपर्यंत शिकलेले, खाकी शर्ट, खिशात लाल पेन आणि कापडाचा तुकडा. लॅबच्या लांब फळ्यांवर चाळीस-पन्नास बाटल्या उभ्या असत आणि एकीवरही धड लेबल नव्हतं. ॲसिडच्या वाफांनी सगळी खाल्लेली. काकांना त्याची गरजच नव्हती. डावीकडून तिसरी म्हणजे अमुक, खालच्या फळीची शेवटची म्हणजे तमुक. आपण नाव घ्यायचं, ते न बघता हात मागे नेऊन बाटली काढून द्यायचे. हे दृश्य आम्ही तीन वर्षं पाहिलं, पण त्यात शिकण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्हा मुलींना वाटलं, भंडाऱ्याहून बाहेरचे परीक्षक येणार, लॅब तरी स्वच्छ असावी. संपामुळे सगळीकडे धूळ साचली होती. आम्ही पदर खोचले, म्हणजे ओढण्या बांधल्या आणि कामाला लागलो. बाटल्या खाली उतरवल्या, फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या, बाटल्या पुसल्या आणि पुन्हा वर मांडल्या. कशा मांडल्या, तर घरी स्वयंपाकघरात डबे मांडतात तशा. मोठी, मग तिच्याहून लहान, मग आणखी लहान. दिवाळीच्या आधी आईच्या हाताखाली प्रत्येकीनं हेच काम केलेलं. मांडून झाल्यावर आम्ही मागे सरकून बघितलं आणि खरंच फार छान दिसत होतं.

तेवढ्यात सर आले. हे सर त्याच वर्षी तासिका तत्त्वावर लागलेले, आमच्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे. फळ्यांकडे बघून ते मटकन स्टुलावर बसले. रंग असलेल्या बाटल्या ओळखू येत होत्या. बाकीच्यांत नुसतं पाण्यासारखं काहीतरी होतं. कोणतं ॲसिड, कोणतं सौम्य, कोणतं तीव्र, काही कळायला मार्ग नाही. नवीन द्रावणं करावीत तर स्टोअरची किल्ली कुलूपबंद ऑफिसात. एकेक बाटली तपासत बसलं तर दोन दिवस लागले असते. सर म्हणाले, उद्या प्रॅक्टिकल झालं नाही तर आपली बॅच हिवाळी परीक्षेत ढकलतील.

माझ्या बाबांनी मला शिकवलं ते एका अटीवर, की मध्ये कुठे अडकायचं नाही. निकाल हिवाळ्यावर गेला असता तर त्या वर्षीचं बी.एड. गेलं असतं, आणि बी.एड. गेलं की घरात पाहुणे येऊन पोहे खायला लागले असते. मी हे वाढवून सांगत नाही, पाहुण्यांची नावंसुद्धा ठरली होती.

काकांना विचारायला कुणी जायचं यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निवेदन लिहिताना पुढे होते, आता मागे कशी सरणार? मंडपात गेले तर खांबाला माझ्याच निवेदनाची झेरॉक्स लावलेली. दोन रेघांसकट. मी खाली मान घालून जे झालं ते सांगितलं. आमचं चुकलं, तुम्ही फक्त पाच मिनिटं आत या, म्हणून विनवलं.

काका म्हणाले, “गेटाच्या आत पाय नाही टाकत मी. बाटल्या इकडं आणा.”

सरांनी आणि आम्ही प्लास्टिकच्या ट्रेमधून दोन-दोन, चार-चार अशा सगळ्या बाटल्या सांभाळून गेटपर्यंत आणल्या. गेटाच्या गजांतून काका एकेक हातात घेत. एकीच्या तोंडाचा टवका उडालेला, एकीची काच हिरवट, एकीच्या बुचाला पांढरा थर. त्यांना बाटली बघूनच आतलं कळत होतं, कारण वर्षानुवर्षं तिच्यात तेच भरलं जायचं. दोन बाटल्यांपाशी मात्र ते अडले. त्यांनी सरांना दोन परीक्षानळ्यांत थोडं थोडं घेऊन बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायला सांगितलं. एक नळी पांढरी झाली, ते सल्फ्युरिक. ही साधी चाचणी सरांना घाबरल्यामुळे सुचली नव्हती.

मग काकांनी मला कागदाच्या चिठ्ठ्या करून नावं लिहायला लावली. म्हणाले, “अक्षर चांगलं हाय तुहं. तिकडं खांबावर पाह्यलं मी.” त्यात टोमणा होता का, ते मला आजही कळलेलं नाही. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. चिठ्ठी चिकटवली की वरून मेणबत्ती घासायची म्हणजे वाफा लागत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

ऑफिसचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, संपाचे पुढारी होते. ते उठून आले आणि म्हणाले, हे तर काम करणं झालं, संपात बसत नाही. काका म्हणाले, काम आत होते, मी तं बाहेर बसून राहिलो. लोक हसले. बाबू हसले नाहीत. ते काकांच्या जवळ जाऊन हळूच बोलले, पण मी चिठ्ठी लिहीत तिथेच बसले होते, मला ऐकू आलं.

“लेबलं लागली तं मंग तुले कोण विचारन?”

काकांनी पुढची बाटली उचलली. “पोरीचं वर्ष जाऊन राहिलं, बाबू.”

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. मला चांगले गुण मिळाले. पुढे संप मिटला, बी.एड. झालं, साकोलीकडच्या एका शाळेत मी लागले. निकाल लागल्यावर पेढे घेऊन काकांकडे जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गेलेच नाही. याचं वाईट वाटतं आणि त्याला काही सबबही नाही.

मागच्या वर्षी पदवीच्या एका कागदासाठी कॉलेजात गेले, तेव्हा मुद्दाम लॅबमध्ये डोकावले. बाटल्यांवर माझ्या अक्षरातली लेबलं होती, पिवळी पडलेली पण वाचता येण्यासारखी. मुलं स्वतःच हात वर करून बाटल्या काढत होती. काका निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोण आलं म्हणून विचारलं, तर ऑफिसातले म्हणाले, ती जागा भरलीच नाही. वरून विचारणा झाली होती, लॅबचं काही अडतं का. इथून कळवलं, नाही, सगळ्यावर नावं लिहिलेली आहेत.

त्यानंतर काही महिन्यांनी सानगडीच्या बाजारात काका भेटले. हातात वांग्यांची पिशवी, तोच खाकी शर्ट. मी ओळख दिली तेव्हा फार आनंदले. शाळेची, लेकराबाळांची चौकशी केली. मी कॉलेजात जाऊन आल्याचं सांगितलं, तर लगेच विचारलं, “माह्या जागी कोणी आला का वं?”

मी म्हणाले, आला ना, एक मुलगा आहे, बरा आहे. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “पोराइचं अडत नसन मंग.”

“नाही अडत, काका,” मी म्हणाले. एवढं मात्र खरं होतं.