ठिपक्यांचा मंजूर नमुना

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पावसाने दोन वर्षं पाठ फिरवली होती. देवणीजवळच्या चारा छावणीत मी जनावरांचा डॉक्टर होतो. तिथे एक साहेब तपासणीला आला. नव्या जिल्ह्यात आपलं नाव व्हावं, एवढीच त्याची तळमळ.

खोटी जनावरं दाखवून चारा लाटतात, म्हणून त्याने हुकूम काढला होता: प्रत्येक गाईच्या ठिपक्यांचं चित्र अर्जाला हवं. हुकूम वाईट नव्हता. पण त्याच्या कारकुनाने एकाच गाईचं चित्र काढलं, सायक्लोस्टाइल केलं आणि सगळ्या अर्जांना तेच जोडलं. साहेबाने न बघता सह्या ठोकल्या.

आता तो चित्राशी गाय ताडून पाहू लागला. जुळेचना. चूक अर्थातच गाईची ठरली.

पहिला नंबर मजुरीवर जगणाऱ्या एका म्हातारीचा होता. तिची एकच गाय.

"बोगस आहे ही. चारा बंद," साहेब म्हणाला.

"आवो सायेब, माझ्याच दावणीला जन्मली की ही!"

"मग डावीकडे वेगळे ठिपके, उजवीकडे वेगळे, असं कसं?"

मी मध्ये पडलो. "साहेब, वासरू पोटात असतानाच रंगाच्या पेशी पाठीकडून खाली पसरतात. पोचतात तिथे काळं, नाही पोचत तिथे पांढरं. कोणी आखून देत नाही. सख्खी वासरंसुद्धा सारखी निघत नाहीत."

"डॉक्टर, नमुना वरून मंजूर आहे."

इतकं तुकतुकीत अज्ञान मी गुरांत कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "ठिपके मंजुरी इचारून पडत न्हाईत, सायेब. आपले आपण पडतात."

चारा बंद झाला. मी गप्प बसलो, कारण मला बदली नको होती. त्या गप्प बसण्याची मला साहेबाची येते तितकीच किळस येते.

तिसऱ्या दिवशी गाय बसली ती उठेना. मग मात्र मी कोरे कागद घेतले, म्हातारीशेजारी बसलो आणि गाईच्या दोन्ही बाजू काढल्या. माझ्या सहीने चारा सुरू केला. दोन दिवसांत गाय उभी राहिली. पुढे आठवडाभर छावणीतली एकूण एक गाय मी कागदावर उतरवली आणि ते कागद साहेबाच्या कचेरीत पाठवले.

या 'अभिनव नोंदी'बद्दल जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला. साहेबाचा. माझ्या चित्रांची चळत घेऊन तो मंचावर उभा राहिला. वरचं चित्र त्याने उलटं धरलं होतं, गाईचे पाय आभाळाकडे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसलं नाही.