सात जणांची गाडी

देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की मी "आईचा आहे" असं सांगून मोकळी होत असे. घरात एकीनं देवाचं बघायचं आणि दुसरीनं बाकीचं, अशी आमची वाटणी होती. बाबा गेल्यापासून बोरीवलीच्या घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही, त्यामागे काही मोठी कहाणी नाही. झालं नाही आणि मग राहून गेलं. बाकीचं म्हणजे नोकरी, बँक, गॅस, सोसायटीतली भांडणं. ते सगळं मी निभावत आले होते, आणि मला ते फार चांगलं जमतं असा माझा समज होता. तो समज कसा मोडला ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. लोकांना गाड्यांचा वेग आवडतो, रंग आवडतो. मला लहानपणापासून एकच गोष्ट आवडायची, गाडीत किती माणसं मावतात. सात-आठ वर्षांची असताना आमच्या गल्लीत एका लग्नासाठी घाटकोपरहून एक लांबलचक फिकट पिवळी गाडी आली होती. छप्पर थेट मागपर्यंत गेलेलं, आणि डिकीच्या जागी वर उघडणारा दरवाजा. त्या गाडीतून माणसं उतरायला लागली ती संपेचनात. आजोबा, काकू, टोपलीतलं बाळ, मागच्या दरवाजातून तीन मुलं आणि एक तबला. अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात, हे मला बाबांनी सांगितलं. त्यानंतर कितीतरी दुपारी मी गॅलरीत चटईवर डोळे मिटून पडायचे आणि मनातल्या मनात त्या गाडीत माणसं बसवायचे. पुढे बाबा, मध्ये आई आणि मावशी, मागे भाऊ आणि बहीण. भाऊ आणि बहीण मला नव्हतेच, पण त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. गाडी भरत आली की मला झोप लागायची.

मोठेपणी नोकरीत जरा स्थिरावल्यावर मी एक जुनी स्टेशन वॅगन घेतली. मागे डिकीत घडीच्या दोन सीट बसवून घेतल्या, म्हणजे एकूण सात माणसं. नातेवाइकांनी पोटभर हसून घेतलं. "अगं, दोन माणसांना एवढी गाडी? वरात काढणार आहेस की काय?" असं माझी आत्या म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. आईला मात्र गाडी पहिल्या दिवसापासून आवडली. आमची कुलदेवी आंबेजोगाईची योगेश्वरी. तिथं वारंवार जाणं होत नाही, म्हणून आईनं स्वतःपुरती सोय लावून घेतली होती: "तिकडची योगेश्वरी तीच इकडची जोगेश्वरी." शुक्रवारी मी तिला जोगेश्वरीच्या गुंफेत देवीच्या दर्शनाला घेऊन जायचे. आईनं गाडीत पुढे देवीची बोटभर उंचीची पितळी मूर्ती बसवली होती. निघताना ती मूर्तीपुढे एक फूल ठेवायची आणि मागच्या सीटवर जाऊन बसायची. मी सारथी, मागे यजमानीण. आमची ही वरात वर्षानुवर्षं चालली.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दूध, मग माणसं. गाडी मात्र ती विसरली नाही. दुपारी कधीतरी खाली जाऊन मागच्या सीटवर बसायची आणि वर यायलाच तयार व्हायची नाही. "जोगेश्वरीला जायचंय ना? चल की गं," असं म्हणत पुढे वाकून हॉर्न वाजवायची. सोसायटीत तक्रारी झाल्या. मीही थकले होते, आणि थकले की मी माणसासारखं वागत नाही, हे मला ठाऊक आहे. एका दुपारी आई झोपलेली असताना मी जुन्या गाड्या घेणाऱ्या एजंटाला बोलावलं आणि गाडी देऊन टाकली. गाडी घरातून जाते तेव्हा नारळ फोडतात, चाकांना हळदकुंकू लावतात आणि पुढचा देव काढून घरात घेतात. आई जागी होईल या धास्तीनं मी यातलं काहीच केलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना एकदम लक्षात आलं, देवी गाडीतच राहिली. एजंटाला फोन केला, तर गाडी पुढे गेली होती. "बघतो मॅडम," म्हणाला आणि त्यानं काही बघितलं नाही. पितळेची मूर्ती तर आहे, दुसरी आणू, असं म्हणून मी विषय मिटवला. आई विचारायची, "देवी कुठाय?" मी म्हणायचे, "गाडीत आहे. गाडी गॅरेजात आहे." यातलं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर मी दिवस काढत होते.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, मी औषधं आणायला खाली गेले. आईजवळ बसणाऱ्या सुनंदाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. अर्ध्या तासानं मी परत आले तर दार सताड उघडं आणि आईच्या चपला जागेवर नाहीत. वॉचमन टँकरचं पाणी भरून घेण्यात गुंतला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. सुनंदाताई रडायला लागल्या आणि मी त्यांच्यावर ओरडले, याची मला अजून लाज वाटते. मग मी धावत सुटले. आईचं नेहमीचं दूध केंद्र, बाग, भाजीवाले, गणपतीचं देऊळ. ऊन तापलं होतं आणि सगळा रस्ता पाण्याखालून दिसावा तसा हलत होता. प्रत्येक पांढऱ्या केसांची बाई मला आई वाटे, आणि जवळ गेलं की ती दुसरीच निघे. पोलीस चौकीत सांगितलं, तर त्यांनी फोटो मागितला. माझ्या मोबाइलमध्ये गाडीचे पन्नास फोटो होते. आईचा एकही धड नव्हता.

या धावपळीत माझा फोन वाजत होता. अनोळखी नंबर. पहिल्यांदा मी कट केला. दुसऱ्यांदा उचलला आणि पलीकडच्या माणसाला "मॅडम" एवढंच बोलू देऊन किंचाळले, "नकोय मला लोन! कार्ड पण नकोय! जीव खाऊ नका!" आणि पुन्हा कट केला.

चौकीतून बाहेर आले तेव्हा मी पार दमले होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं. समोरून माणसं जात होती, रिक्षा जात होत्या, आणि त्यांचा आवाज लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. तिथं मी देवीशी बोलले. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. नुसतं म्हटलं, "बाई गं, मी तुला भंगारासारखं देऊन टाकलं. माझं चुकलं. आता माझ्या हातात काही नाही. माझी आई तूच सांभाळ." एवढं बोलल्यावर मला रडू आलं, आणि रडता रडता आत कुठेतरी शांत वाटलं. छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं. तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा वाजला. तोच नंबर. आता मला कुणालाही नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं. मी उचलला.

"मॅडम, कट नका करू हां, मी लोनवाला नाहीये!" पलीकडचा माणूस एका दमात बोलला. "तुमची जुनी गाडी मी घेतलीय. सावंत माझं नाव. तुमच्या आई आमच्याबरोबर आहेत, जोगेश्वरीच्या गुंफेत. एकदम बऱ्या आहेत. तुम्ही आरामात या."

मग फोन कुणीतरी त्याच्या हातातून घेतला आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बाय माझे, घाबरा नको. तुझी आवस आमच्या वांगडा आसा. पेज पण जेवली."

रिक्षानं हायवेवरून जाताना मला रस्ता दिसत नव्हता. नेहमी मी रिक्षावाल्याला सिग्नलगणिक सूचना देते, त्या दिवशी गप्प होते. गुंफेच्या बाहेर, गल्लीच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती. तिच्या चारी चाकांना हळदकुंकू होतं. पायऱ्या उतरून आत गेले तसा उन्हाचा भगभगीतपणा मागे पडला आणि गार, ओलसर अंधार अंगावर आला. खांबांमधून उजेडाचे पट्टे पडले होते. दूर देवीजवळ समईच्या उजेडात पाच-सहा माणसं फरशीवर बसली होती, आणि त्यांच्या मध्ये माझी आई, एका लहान मुलीचं डोकं मांडीवर घेऊन. तिच्या कपाळावर ठळक कुंकू होतं. बाबा गेल्यापासून कुणी तिला कुंकू लावलं नव्हतं. मला पाहून ती म्हणाली, "किती गं उशीर! सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

काय घडलं ते सावंतांनी सांगितलं. ते दहिसरचे. बायको, दोन मुलं आणि आई अशा सगळ्यांना एकत्र नेता यावं म्हणून त्यांनी ही गाडी शोधून घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांच्या आईनं पुढची मूर्ती पाहिली आणि बजावलं, दुसऱ्याच्या घरची देवी आहे, त्यांना विचारल्याशिवाय ठेवायची नाही. सावंतांनी विम्याच्या कागदावरचा माझा नंबर शोधून दोन दिवस फोन केले. लोनवाल्यांचे समजून मी तेही कट केले होते. शेवटी ते घरच्या सगळ्यांना घेऊन कागदावरच्या पत्त्यावर मूर्ती परत द्यायला आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आई उभी होती. तिनं गाडी पाहिली, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. त्यांनी सांगितलं, देवी परत द्यायला आलोय. आई म्हणाली, "आधी जोगेश्वरीला चला. ओटी भरू, मग बघू." इतक्या अधिकारानं म्हणाली, की याच घरच्या थोरल्या बाई, देवीचा मान आधी करायचा असेल, असं समजून ते निघाले. ओटीचं सामान त्यांनी वाटेत घेतलं. गुंफेत आल्यावर आईनं सावंतांच्या बायकोला तीनदा तिचं गाव विचारलं आणि मग तिला माझ्या नावानं हाक मारायला लागली, तेव्हा तिचं विसरणं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला पुन्हा फोन लावला.

मी सावंतांच्या आईच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या सुनेनं पुढे होऊन मलाही कुंकू लावलं. सावंतांनी रुमालात गुंडाळलेली मूर्ती माझ्यापुढे धरली. मी घ्यायला हात पुढे केला, तर आई म्हणाली, "तिला कुठं नेतेस? ती गाडीत बसते." सगळे हसले. मीही हसले, कितीतरी महिन्यांनी. सावंतांची आई म्हणाली, "खरा आसा. देवीक तिची जागा ठावक." मूर्ती मी सावंतांच्याच हातात ठेवली.

याला चमत्कार म्हणावं का, या वादात मी पडत नाही. सगळ्याला सरळ कारणं आहेत आणि ती मी सांगितली आहेत. मला एवढंच कळतं, की मदत दोन दिवस माझं दार ठोठावत होती आणि मी आतून ओरडत होते, नकोय. हात रिकामे झाले तेव्हा कुठे मी फोन उचलला. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, संतांना जमणारं असेल असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला आलं ते दमून पायरीवर बसणं. तेवढंही देवीला पुरलं. सावंत मंडळी आता अधूनमधून शुक्रवारी आईला न्यायला येतात. आईला ती कोण, हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं, आणि दर वेळी तिला तितकाच आनंद होतो.

त्या दिवशी परत निघालो तेव्हा मुलं मागच्या घडीच्या सीटवर चढली. मध्ये सावंतांची आई, सून आणि माझी आई. पुढे, गाडी चालवणाऱ्या सावंतांच्या शेजारी, मी. गाडी चालू झाली आणि सवयीनं माझा पाय ब्रेक शोधायला लागला, पण तिथं ब्रेक नव्हता. मुलं कुठलं तरी गाणं म्हणत होती. मागे वळून पाहिलं तर आई शेजारच्या सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि एकही जागा रिकामी नव्हती. "पुढून डावीकडे घ्या," असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मान मागे टेकवली. मग आम्ही कुठल्या रस्त्यानं घरी आलो, ते मला आजही सांगता येणार नाही.